अण्णांच्या घरचे पेढे

कोपरी, गुरुवार, १५ डिसेंबर १९९४

प्रिय रतनदादा,

शनिवारी तू शहाडहून येणार आणि सहदेवचं उरलेलं काम पुरं करणार, असा निरोप मामाने दिला. ऐकून डोकंच फिरलं माझं. अरे, एक हात प्लास्टरमध्ये, कपाळावर सात टाके, आणि अजून तुझी खुमखुमी जात नाही? हे पत्र मामाच्याच हाती देतेय. पूर्ण वाच, मध्येच फाडू नकोस.

दुकान बंदच आहे. वाकलेलं शटर खाली येत नाही, म्हणून आईने चादर बांधलीय. काल उरलेल्या काचा गोळा केल्या. आपल्याच हॉकी स्टिकांनी आपलं दुकान फोडलं मेल्यांनी! तुझा हात पिरगाळून मोडला तो आवाज अजून कानात आहे. बांगड्या फुटेपर्यंत आई त्यांच्या पाठीत बुक्क्या मारत होती. सगळी कल्याणच्या अण्णांची माणसं. इतकी वर्षं खेळाचा माल आपण अण्णांकडूनच घेतला. दोन महिने ते एक स्केटबोर्ड देईनात, वर्तकनगरची मुलं रोज विचारून जायची. मग कंपनीने अण्णांना वगळून थेट आपल्याला माल दिला, तर एवढा सूड! तू घेतलास त्यात चूक केलीस असं मला आजही वाटत नाही.

पण सहदेव? तो अण्णांचा टेम्पो चालवतो, आणि मागच्या आठवड्यात सोमवारी खोकी उघडताना आपल्यात बसलेला. एवढ्यावरून चुगली त्यानेच केली असं तू ठरवलंस. टेम्पो स्टँडवर गाठून स्केटबोर्ड तोंडावर हाणलास. मी धावत आले तेव्हा तो रक्त थुंकत होता, त्यात दोन दात होते, आणि तू मारतच होतास. तुझ्याहून हातभर उंच तो. मनात आणलं असतं तर तुला उचलून आपटला असता. त्याने हातही उचलला नाही. मी नाही सांगितलं, एवढंच म्हणत राहिला. मग कोणी, असं विचारून तू प्रत्येक वेळी हाणलंस. आता जबडा तारेने बांधलाय. हौसाबाई आपल्या लेकाला चमच्याने पेज पाजते. मी रोज जाते, पण त्याच्याकडे बघवत नाही.

दादा, नवा माल आला की देवापुढे खोकं उघडायचं आणि अण्णांच्या घरी पेढे पोचवायचे, हे आपल्याकडे बाबा असल्यापासूनचं. मंगळवारी कल्याणला माझा शिवणाचा क्लास, म्हणून पेढे मीच नेते. त्याही मंगळवारी नेले. माल अण्णांकडून आलाच नाही, हे माझ्या मेलीच्या डोक्यातच आलं नाही! काकूंनी डबा उघडला. अण्णांनी विचारलं, कसला माल? मी हसत हसत सांगितलं, स्केटबोर्ड, बारा खोकी. सहदेव दारात टेम्पो धूत होता. त्याने सगळं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ती माणसं आली.

तुझा मार थांबवायला त्याला फक्त माझं नाव घ्यायचं होतं. नाही घेतलं. आणि मी पाच पावलांवर उभी होते, मीही नाही घेतलं. घाबरले रे तुला. शनिवारी ये, पण स्टँडवर जाऊ नकोस, आधी दुकानात ये. मी एकटीच असेन. तो बोर्ड धुऊन गल्ल्यापाशी ठेवलाय.

तुझीच,
सरोज