आत कोण हाय

८ एप्रिल २००७, निफाड
आले एकदाची. नाशिक रोडहून निघताना सासरच्यांनी शेवटचं सांगून पाहिलं, तो जुना डबा भंगारात दे म्हणून. मी डबा मांडीवर घेऊनच टेम्पोत बसले. डबा म्हणजे माझ्या नवऱ्याने, ललितने, जुन्या कॉम्प्युटरचा बनवलेला सर्व्हर. घरभर वायर फिरवून सगळं त्यात साठवायचा. दिवाळीत ललित गेला. त्याच्या शूटिंगच्या टेपा बुरशीने गेल्या. त्याचं हसणं-बोलणं आता फक्त या डब्यातल्या डिस्कवर आहे. खंडेरावांच्या द्राक्षबागेतली खोली झकास आहे. सकाळी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचं, दुपारनंतर सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. बघतेच कसं होत नाही ते.

१२ एप्रिल
धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, नवं नेटवर्क कार्ड टाकलं. वेग छान वाढला. पण पत्र्याखाली डिस्क इतकी तापते की टकटक करत मशीन बंदच पडतं. मग कॉपी पुन्हा पहिल्यापासून. वैताग नुसता. शेजारी द्राक्षं गार करायचं शीतगृह आहे, बंद पडलेलं. यंत्रं कधीच विकली, भिंतीत पंख्यांची भोकं तेवढी उरलीत. तिथे ठेवू का विचारलं. खंडेराव म्हणाले, खुशाल ठेवा.

१५ एप्रिल
डब्याचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला. डिस्क गार, कॉपी सुसाट. खरं तर बंद खोली मशीनने तापायला हवी. ही उलट गार होत चाललीय. असो, माझी तक्रार नाही.
बागेत काम करणाऱ्या कुसाबाई मात्र रागावल्या. या दाराला कडी फक्त बाहेरून. लावण्याआधी ‘आत कोण हाय’ अशी हाक द्यायची, थांबायचं, मगच लावायचं. शीतगृह चालू असताना एकदा त्यांचा दीर झुंबर आत पेट्या रचत होता. हाक दिली होती. त्याने ओ दिलीही असेल, पण पंख्यांच्या आवाजात ऐकू आली नाही. सकाळी दार उघडलं तर गारठून गेलेला. हाक देणारी अन् कडी लावणारी मीच व्हते मॅडम, म्हणाल्या. मी चहा केला दोघींना.

१८ एप्रिल
आज दार लावताना हाक दिली. कुसाबाईंच्या समाधानासाठी.
आतून ओ आली. पुरुषाची, थकलेली.
आत जाऊन कोपरा न् कोपरा पाहिला. कोणी नाही. दारात वीट लावून आले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भुताखेताला भिऊन ललितला टाकून जाईन, तर नावाची प्रतिभा नाही.

२१ एप्रिल
कुसाबाई लेकीकडे घोटीला गेल्या. जाताना म्हणाल्या, त्ये मशीन बाहेर काढा, लय वंगाळ जागा हाय. काढलं होतं. बाहेर डिस्क सुरूच होईना. आत नेली की चालते. बरं, मग आतच.
दुपारी भारनियमन. सर्व्हर यूपीएसवर, टेबल फॅन थांबला. पण पंख्यांची घरघर थांबली नाही. भिंतीच्या भोकात हात घालून पाहिला. पंखा नाही. नुसता गार वारा —

२२ एप्रिल
वही घेऊन आतच बसलेय. शाल गुंडाळून. डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, आज बंद पडली तर पुन्हा नाही उठायची. थोडंच राहिलंय.
उतरलेली एक फाइल लावली. ललित हसत म्हणतो, प्रतिभा, इकडे बघ ना. रडले. पुन्हा लावली.

दारातली वीट नाही. दार अर्धं लागत आलंय.

बाहेरून हाक — आत कोण हाय. पुरुषाचा आवाज. तोच.
मी आहे म्हणाले. मोठ्यांदा.
परत तीच हाक.
टेबल फॅन बंद केला. घरघर तशीच. माझा आवाज मलाच —

धावले तर अजून बाहेर पडता येईल. पण मध्येच सोडलं तर ललित गेलाच. एकदा गेलाय. पुन्हा नाही जाऊ देणार.

झुंबर, तुझं वाईट झालं. कबूल. पण मी हलणार नाही. लाव दार लावायचं तर —

दार लागलं. अंधार. फक्त मशीनचा दिवा. ललितचा आवाज मोठा केलाय, पार मोठा.
परत हाक.
सांगितलं ओरडून, आत दोघं आहोत. ऐकू येतंय का? आम्ही दोघं आ