भीमेकाठची टरफलं

शिरूर,
ता. ९ फेब्रुवारी १९६१

प्रिय एलियादादास,

कृपाचा सप्रेम सलाम. प्रभूच्या दयेने मी बरी आहे. मेरीवहिनीचा खोकला थांबला का? दौंडच्या लोकोशेडमध्ये तुला दिवसपाळी मिळाली असं आमच्या शाळेतल्या ग्लॅडिसकडून कळलं. बरं झालं. यंदा माझ्या चौथीच्या वर्गात एकतीस मुली आहेत.

एक बातमी आहे. गेल्या महिन्यात वडगाव रासाईला गेले होते. तिथं भीमेची दरड ढासळली आहे. काठावर शेत असलेल्या धुरपदाबाईंनी तिथं सापडलेले टरफलाचे जाड तुकडे ओच्यातून काढून माझ्या हातावर ठेवले. "बाई, तुमच्या बाबांनी मला असलेच दावले व्हते. म्हनले, आनखी घावले तर ठिवून दे."

ते मी पुण्याला एका संशोधकांकडे नेले. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले. म्हणाले, "शहामृगाचं अंडं आहे. हजारो वर्षांपूर्वी हे पक्षी तुमच्या नदीकाठी हिंडत होते. इथून केव्हाच नाहीसे झाले." मी त्यांच्याकडून तसं पत्रच लिहून घेतलं.

म्हणजे बाबा खरं बोलत होते, दादा. रविवारच्या शाळेत मुलांना टरफल दाखवून म्हणाले होते, माणसाहून उंच पक्षी इथं होता. देवानंच केला, देवानंच नेला. मंडळीच्या पंचांना ते पाखंड वाटलं. बाबांविरुद्ध सह्यांचा अर्ज झाला आणि त्यांचं उपदेशकाचं काम गेलं. दोन वर्षं ते देवळात मागच्या बाकावर बसले. मग गेलेच.

नऊ वर्षं लिहिलं नाही ते आता लिहिते. त्या अर्जाची नक्कल बाबांच्या बायबलात होती. दफनाच्या दिवशी मला सापडली. चौथी सही तुझी आहे.

मेरीवहिनीचे वडील पंच होते, तुमचं लग्न ठरत होतं. मला कळतं. बाबांनाही कळलं असावं. त्यांनी तुला कधी दोष दिला नाही. मला मात्र ते जमलं नाही. शाळेचं निमित्त सांगून दौंडला यायचं टाळत आले, ते खोटं होतं.

रविवारी २६ तारखेला उपासनेनंतर मी संशोधकांचं पत्र इथल्या देवळात मंडळीसमोर वाचणार आहे. पाळकसाहेब म्हणाले, "झालं गेलं, कृपाबाई. आता कशाला?" मी म्हटलं, "परवानगी मागायला नाही, सांगायला आले."

अर्जावरची नावं मी वाचणार नाही. तुझं नाव तूच उभं राहून सांग. सकाळच्या एसटीने ये, जेवायला थांब. नाही आलास तरी पत्र वाचलं जाईल.

बाबांची मुलगी, आणि म्हणून अजूनही तुझी बहीण,
कृपा