स्टोअरमधला घट

२८ सप्टेंबर १९७०
साखर कारखान्याच्या स्टोअरची किल्ली आजपासून माझ्याकडं. इंजिनियर साहेब म्हणाले, गोजरबाई, दसऱ्याला नदीवरच्या मोठ्या पंपाची ट्रायल आहे, चेअरमन येणार. तोवर स्पेअर पार्ट, पाने, बेअरिंगं धुऊनपुसून तयार ठेवा. काम चोख झालं तर पर्मनंट करू. इतकी वर्षं हंगामी म्हणून घासतेय. आता पर्मनंट झालेच म्हणायचं.

२९ सप्टेंबर
पाने उंचीनं लावले. झकास दिसतात. मच्छिंद्र फिटर म्हणाला, मावशे, कामाला लागतील तसं लाव की, उंचीनं काय, पोरं कवायतीला हुबी करतीस का? मी म्हटलं, तुझ्या घरचं फडताळ आधी बघ. गेला. अडाणी.

३० सप्टेंबर
उद्या घट बसवायचा. यंदा स्टोअरमध्येच बसवणार. देवीची नजर हत्यारांवर राहील, ट्रायल फेल व्हायची नाही. परडी उंदरांनी खाल्ली. पण कोपऱ्यात पोत्याखाली लोखंडाचं मोठं भांडं गावलं. लाल रंग, गोगलगायीसारखं वळलेलं, खाली भोक. पाणी आपसूक निथळेल. भंगारच असणार. चांगली वस्तू पोत्याखाली कोण ठेवतं?

१ ऑक्टोबर, घटस्थापना
बनुबाई झाडूवालीनं अन् मी भांडं ओढत मधोमध आणलं. लई जड. कंबर गेली. माती भरली, धान्य पेरलं, वर घट ठेवला. लुगड्याचा पदर फाडून भोवती झालर लावली. आता कुणाला भंगार वाटणार नाही.

४ ऑक्टोबर
धान्याला मोड आले. मच्छिंद्र सकाळपासून स्टोअर उलथंपालथं करतोय. पंपाचं केसिंग तडकलंय, केसिंग म्हणजे वरचं लोखंडी कवच. पुण्याहून नवं आणलेलं सापडत नाही म्हणे. विचारलं, दिसतं कसं? म्हणाला, लाल, गोगलगायीसारखं. मी म्हटलं, माझ्या ताब्यातली सुई हरवत नाही, तूच कुठं तरी टाकलं असशील. बिचाऱ्यानं घटापुढं हात जोडले, आई, केसिंग दाव म्हणाला. मला त्याची कीव आली.

५ ऑक्टोबर
जरा संशय आला. पण बघायचं म्हणजे माती उकरायची, म्हणजे घट हलणार. बसलेला घट दसऱ्याआधी हलवत नाहीत. म्हणून संशयसुद्धा दसऱ्यानंतरच घ्यायचा ठरवलं. मन हलकं झालं. दुपारी चेअरमनच्या मालकीणबाईंना दर्शनाला बोलावलं. ओटी भरून गेल्या. सहज बोलावलं, मनात काही नव्हतं.

७ ऑक्टोबर
बनुबाईनं तोंड उघडलं. साहेब पळत आले. मातीत हात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, साहेब, चेअरमनच्या बाईंनी ओटी भरलीय. हात तिथंच थांबला. म्हणाले, तुमची देवी उठणार कधी? म्हटलं, दसऱ्याला. म्हणाले, आणि पंप बसणार कधी? म्हटलं, ते मच्छिंद्रचं खातं. साहेबांना डोकेदुखीचा त्रास दिसतोय.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी
सगळी हत्यारं घटापुढं मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं. मच्छिंद्र पाना मागायला आला, निदान बाकीचा पंप तरी जोडतो म्हणाला. मी म्हटलं, पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. तो म्हणाला, मंग मावशे, नट दातानं आवळू का? सणासुदीला काय बोलावं कळत नाही या माणसाला.

१० ऑक्टोबर, दसरा
उजाडताच घट उठवला. मच्छिंद्रनं माती खरवडली, शिव्या देत देत केसिंग बसवलं. संध्याकाळी चेअरमननी बटण दाबलं. पंप खोकला. आधी चिखल आला. मग उरलंसुरलं धान उडालं, ते थेट चेअरमनच्या पांढऱ्या टोपीवर. तशी मालकीणबाई म्हणाल्या, अहो, दसऱ्याचं धान टोपीत खोवायचंच असतं, देवीनं आपल्या हातानं खोवलं. टाळ्या पडल्या. मग पाणी स्वच्छ आलं. ट्रायल माझ्यामुळं पार पडली.

११ ऑक्टोबर
पर्मनंट झाले! मालकीणबाईंनीच शब्द टाकला. साहेब म्हणाले, गोजरबाई, तुमच्या हाताला लोखंडात पीक येतं, तुम्हाला बंगल्याच्या बागेत घेतलंय. किल्ली बनुबाईला द्यायला सांगितली. चालायचंच, कामाच्या माणसाला सगळीकडं मागणी. विचारलं, बागेत पंप किती? म्हणाले, एक झारी आहे.

दुपारी झारी तपासली. पाणी बारीक येत होतं, म्हणून सगळी सुटी केली, रॉकेलनं धुतली. आता तोंड परत बसत नाही. मच्छिंद्रला निरोप धाडलाय. येताना पाना आण म्हटलंय.