सात नंबरची बाटली

कळसाडी, ता. शहादा
ज्येष्ठ, मंगळवार

श्री. अमृतबापू व्याही, मु. म्हसावद, यांना झिपरूचा हात जोडून रामराम.

आपली व विहीणबाईंची तब्येत बरी असावी. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवावं, इथला माणूस चांगलं करतो. आमच्याकडे सगळे ठीक, फक्त मला महिनाभर भाकर गोड लागत नाही. (आमच्या जमनाबाईला वाटतं ऊन लागलं. ती रोज कांदा फोडून माझ्या नाकाशी धरते. मी धरू देतो, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा कांदा बरा.) फोनवरच सांगणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर बसता, आणि ही गोष्ट ओट्यावरची नाही.

आमची नात चेतना एमएस्सी करते हे तुम्हाला ठाऊक आहेच. विषय पर्यावरण जीवशास्त्र आणि व्यवस्थापन. मी चौथी शिकलेला. एवढं नाव पाठ करायला मला दोन महिने लागले, आणि पाठ झाल्यावर मी ते पारावर, दाढीच्या दुकानात आणि एकदा तर दहाव्याला गेलो तिथंही म्हणून दाखवलं. तिच्या प्रबंधासाठी बारा विहिरींचं पाणी तपासायचं होतं. त्यात सात नंबर तुमची विहीर. पाणी भरल्या दिवशीच नंदुरबारच्या प्रयोगशाळेत पोचायला हवं, आणि नेमका त्याच दिवशी पोरीला ताप भरला. मी म्हटलं, मी नेतो. (कोणी विचारलं नव्हतं.) तिनं पांघरुणातून बजावलं, "आबा, काही झालं तरी झाकण उघडायचं नाही."

शहाद्याहून मंगळवारची गाडी धरली. वैशाखाचं ऊन, मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात बारा बाटल्या. प्रकाशा गावाच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. अर्धा तास झाला, तास झाला. डब्यातून गार थेंब गळू लागले आणि सगळ्या गाडीची नजर माझ्या मांडीवर आली. पुढच्या बाकावर एक म्हातारी होती, ओठ सुकून पांढरे पडलेले. "भाऊ, पानी शे का?" मी म्हटलं, "माय, हाई पानी तपासाले ली जाई ऱ्हायनू." "तपासाले? पानीले काय ताप येल शे का?" गाडी हसली. मी डबा पोटाशी ओढला. तसा कंडक्टर मोठ्यानं म्हणाला, "बारा बाटल्या धरीसन बठेल शे, आनि पानीले नही म्हनस! कोनता गावना शे हाऊ?"

बापू, आपल्याकडे दारी वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो. पाण्याला नाही म्हटलेलं मी सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते माझ्याच तोंडून. हात आपोआप डब्यात गेला. पण द्यावी कोणती? अकरा विहिरी परक्यांच्या. परक्याचं पाणी न विचारता कसं द्यायचं? तुमची घरची. सात नंबर दिली. निम्मी म्हातारी प्यायली, निम्मी तिची शेजारीण. "गोड शे," म्हणाली. तेव्हा मला पुण्य केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंदुरबारला उतरलो तेव्हा पुण्य गेलं आणि रिकामी बाटली उरली. स्टँडसमोर मिरचीवाल्यांची पाणपोई आहे, फिल्टरचं पाणी. तिथं बाटली भरली, धोतराला पुसली, डब्यात ठेवली. प्रयोगशाळेतल्या बाईनं विचारलं, "बाबा, सगळ्या बंदच होत्या ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही. (आठवतं.)

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे अर्धंच माहीत आहे. अकरा विहिरींत काही ना काही दोष निघाला, तुमची काचेसारखी स्वच्छ. तुम्ही लगेच 'तालुक्यातील सर्वात शुद्ध विहीर' असा बोर्ड लावलात, खाली फेट्यातला तुमचा फोटो, आणि घरातलं नळाचं पाणी बंद करून विहिरीचं सुरू केलंत. त्याच दिवशी चेतना मला म्हणाली, "नवलच आहे आबा, मला सात नंबरचीच धास्ती होती. तिच्या काठावर फवारणीचे पंप धुतात." तुमच्या घरात आमची लेक कमल आहे, तिची लेकरं आहेत, तुम्ही आहात. तरी मी तिथं आलो, बोर्डाला हार घातला, आणि नारळही मीच फोडला. तुम्ही पेलाभर पाणी पुढे केलंत, ते मी प्यायलो. तेवढं एकच काम मी त्या दिवशी बरोबर केलं असं मला वाटतं.

म्हातारीची चौकशी केली. तीन मंगळवार त्या गाडीशी जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या मंगळवारी ती भेटली, ठणठणीत आहे. पण प्रबंध सोमवारी द्यायचा आहे. पोर दोन वर्षं उन्हातान्हात विहिरी फिरली, आणि त्यात एक आकडा पाणपोईचा आहे.

विहीणबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला चुकलेला व्याही,
झिपरू

ता. क. बोर्ड उतरवावा. पाणी आजपासून नळाचं प्यावं.

ता. क. कंडक्टरनं गाव विचारलं तेव्हा मी 'म्हसावद' सांगितलं होतं. त्या गाडीत कोणी तुमच्या गावाला काही बोललं तर भांडू नये.

ता. क. हे पत्र घेऊन आलेली चेतनाच आहे. तिच्या सरांना त्या विहिरीचा फोटो हवा आहे. पाकिटात लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल लिहिलंय असं तिला वाटतं. मी तिला सांगायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा "जेवलीस का?" एवढंच निघालं. तेव्हा तुम्हीच सांगा. आधी जेवू घाला, मग सांगा, आणि नवी बाटली तिच्याच हातानं भरू द्या. दारात तुम्ही पाणी दिलं असेल आणि तिनं ते घेतलं नसेल, त्याचा राग मानू नये. मीच तिला शपथ घातली आहे, कारण न सांगता. पाण्याला नाही म्हणणं आमच्या घरात निदान तिला तरी जमलं असेल.