आईच्या नावाचा मफलर

बाबा, मी मफलर विणायला घेतलाय. तुम्ही हसाल, पण खरंच. मागच्या महिन्यात मेहकरच्या बाजारात फॉल-पिकोला दिलेली साडी आणायला गेले, तर दुकानदाराच्या मागच्या फळीवर धूळ बसलेले लोकरीचे गुंडे दिसले. मला काही घ्यायचं नव्हतं. तरी मातकट रंगाचे दोन गुंडे घेतले, सुयांची जोडी घेतली आणि घरी येऊन मोबाईलवर एका मुलीचा व्हिडिओ लावून बसले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. ती मुलगी म्हणते, सगळ्यात सोपं काम आहे, नुसते सुलट टाके घालत जायचे. तिच्या हाताला सोपं असेल. मी वीस टाक्यांनी सुरुवात केली आणि वीतभर विणून मोजले तर सत्तावीस भरले. खाली अरुंद, वर रुंद, मफलर कसला, सूपच झालं ते. चार वेळा उसवलं तेव्हा चूक सापडली. ओळ संपवून काम फिरवलं की लोकर सुईवरून पलीकडे पडते आणि कडेच्या एका टाक्याचे दोन दिसतात. मी बावळटासारखी दोन्ही विणत होते. तुम्हाला हे नुसतं बोटांनी चाचपून कळलं असतं.

तुमच्या सुया सायकलच्या स्पोकच्या होत्या, दगडावर घासून टोकं काढलेल्या. फौजेत असताना पाय मोडून दवाखान्यात पडला होतात, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या एका पहाडी जवानानं वेळ जावा म्हणून शिकवलं, एवढंच तुम्ही सांगायचात. पुढे जळगाव जामोदला कचेरीत चपराशी म्हणून लागलात ते विणकाम बरोबर घेऊनच. साहेबांच्या दारापाशी स्टूल, स्टुलावर तुम्ही, तो मोडलेला पाय लांब केलेला, मांडीवर लोकर. आतून घंटी वाजली की काम स्टुलाखालच्या पिशवीत टाकायचं, आत जाऊन यायचं आणि तीच ओळ पुढे न्यायची. कामाला आलेले लोक हसायचे. "काय बे, बायकोनं कामाले लावलं काय?" तुम्हीही हसायचात. "थंडी काय बाई-माणूस पाहून वाजते?" मला मात्र हसू यायचं नाही. शाळा सुटली की मी कचेरीचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं घरी यायची. एकदा तुम्ही म्हणालात, "बस इथं, शिकवतो तुले. दोनच तर सुया हायेत." मी म्हटलं, "मले नाही शिकायचं बायकांचं काम." पोरीच्या जातीनं हे बोलावं! तुम्ही तेही हसण्यावारी नेलंत.

आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात घरी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मी तुम्ही विणलेला माझा निळा मफलर नेला, कारण तो खरोखर सुंदर होता. बाईंनी विचारलं, कुणी विणला? मी म्हटलं, आईनं. बाईंनी आईच्या नावाची चिठ्ठी टाचणीनं लावली. एवढ्यावर संपलं असतं. पण मफलरला पहिलं बक्षीस मिळालं आणि सगळ्या गावादेखत आईचं नाव पुकारलं गेलं. आई बायकांतून उठली, काही न समजता मांडवात पुढे आली. मोठ्या बाईंनी कौतुकानं तिच्या हातात सुया आणि लोकर दिली, म्हणाल्या, चार टाके मुलींना घालून दाखवा. आईनं दोन्ही सुया एकाच हातात धरल्या, खुरपं धरावं तशा. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी खाली पाहत होते.

तेव्हा पुरुष बसले होते तिथून तुम्ही उठून उभे राहिलात. "मॅडम, तिच्या बोटाले लागलं हाये कापूस वेचताना. आज नाही जमणार तिले." तुमच्या शेजारी बसलेला कचेरीतला माणूस मोठ्यानं म्हणाला, "अबे, हे तर तुह्यंच काम हाये ना! मी पाह्यलं तुले विणताना." तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "नाही. तिचंच हाये."

घरी आल्यावर आई कडाडली. "काऊन वं, बापाची लाज वाटते तुले?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "जाऊ दे. लेकरू हाये." तुम्ही मला दोन थपडा मारायला हव्या होत्या, बाबा. त्या मी कधीच विसरून गेले असते. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतल्या स्टुलाखालची पिशवी दिसेनाशी झाली. विणणं थांबलं नाही, तुम्ही घरी, दाराला कडी लावून विणायचात. कुणी कडी वाजवली तर आधी लोकर गोधडीखाली जायची, मग दार उघडायचं. कधी कधी कडी वाजवणारी मीच असायची, आणि तरीही लोकर गोधडीखाली गेलेली असायची. मला नोकरी लागली त्याच वर्षी तुम्ही गेलात. माफी मागायची राहिली असं मी लोकांना सांगते, पण राहिली कसली, मीच मागितली नाही. रोज दिसत होतात तुम्ही.

आता मी रोज मेहकरहून हिवरा आश्रमला कामाला जाते आणि बसमध्ये विणते. मुद्दाम, सगळ्यांसमोर. त्यानं काय भरून निघणार आहे, मलाही माहीत नाही. काल शेजारी एक म्हातारी बसली होती, बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत. मग कौतुकानं म्हणाली, "कोनं शिकवलं ताई तुमाले? आईनं काय?"

मी म्हटलं, "हाव."

विचार करायलासुद्धा थांबले नाही. ती मान डोलवून खिडकीबाहेर बघायला लागली. तिला मी ओळखत नव्हते, ती मला ओळखत नव्हती, आणि माझा थांबा यायला अजून वीस मिनिटं होती. तेवढ्यात कधीही सांगता आलं असतं, बाबा. मी सांगितलं नाही.