पहिली फणी फाटकाची

मेहरूण, जळगाव
गुरुवार, ९ एप्रिल १९८७

चि. जीवराम यास अक्काचे आशीर्वाद.

मी इथे ठीक आहे. सुनंदाचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, एरंडाचं पान बांधणं सोडू नकोस आणि पायरीवर बसून तांदूळ निवडायची हौस उन्हाळाभर बाजूला ठेव. माझ्या कपाटाला हात लावू नका. त्यात ठेवण्यासारखं काही नाही, पण किल्ली फिरवली की दार निखळून हातात येतं.

प्रमिलाबाईंची खोली लहान असली तरी हवेशीर आहे. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. मागच्या पौषात आपल्याकडे भरीत खायला आल्या होत्या, तिखट लागलं म्हणून डोळे पुसत होत्या आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या, त्याच. नळ पहाटे पाचला येतो. संध्याकाळी आम्ही दोघी तलावापर्यंत चालून येतो. अकरा वर्षं बसनं अपडाऊन केलं, आता शाळा पायी वीस मिनिटांवर आली आहे. तरी सकाळी सात वाजले की पाय आपोआप चपला शोधतात.

पेपर तपासणं चालू आहे. 'जळगाव जिल्ह्याचं मुख्य पीक कोणतं?' या प्रश्नाला एका मुलीनं 'ऊन' असं उत्तर लिहिलं आहे. मी तिला अर्धा गुण दिला. हेडबाई रागावल्या, पण त्यांच्या टेबलावरचा पंखा बंद होता, म्हणून फार बोलल्या नाहीत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. 'अक्का, परीक्षा झाल्या की ये, घर सुनं वाटतं,' हे वाचून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलंच. माय गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी चौदाची. विधवा होऊन घरी परतले तेव्हा दारात तू उभा होतास. 'आता कुठी जाऊ नको,' एवढंच म्हणालास आणि माझी पेटी आत नेलीस. ते मी विसरलेले नाही.

मग खालची ओळ वाचली. 'नवा गेटमन आला आहे. कापणी चालू आहे. त्याला फणी पाठवावी की नाही ते कळव. रीत मोडल्यासारखं होतं.'

जीवराम, हे लिहायला तुझा हात धजावला तरी कसा?

आबांनी ही रीत काय म्हणून घातली, ते तुला पाठ आहे. मी तरी पुन्हा लिहिते, कारण तू ते विसरला आहेस असं मानलं तर मला थोडं सोपं जाईल. आबांची बैलगाडी फाटकातल्या रुळात अडकली होती. बैल जुवाखाली, आणि समोरून मालगाडी. तेव्हाचा गेटमन लाल झेंडी घेऊन अर्धा मैल धावला, गाडी थांबवली, बैल वाचले. दुसऱ्या दिवशी मळ्यात कापणी होती. आबांनी केळीच्या पहिल्या घडाची वरची फणी तोडली आणि स्वतः चालत नेऊन त्याला दिली. तेव्हापासून कापणीच्या दिवशी पहिली फणी फाटकाची. गेटमन बदलत गेले, फणी चालू राहिली. मी बससाठी फाटकाशीच उभी राहते म्हणून ती माझ्या पिशवीतून जाऊ लागली. धनसिंग आला त्यालाही आठ वर्षं झाली. दरवेळी दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा. पारोळ्याकडचा माणूस. 'आबासनी आठवण शे,' म्हणायचा. त्यानं आबांना पाहिलंही नव्हतं.

अठरा फेब्रुवारीविषयी आपण घरात धड एकदाही बोललो नाही. तू बोललास तेव्हा मी रडत होते, आणि मी बोलायला गेले तेव्हा तू मळ्यात निघून गेलास. म्हणून आता लिहून काढते. पत्राला मधूनच उठून जाता येत नाही.

त्या दिवशी मी धनसिंगला फणी दिली. त्यानं ती कोठीतल्या टोपलीत ठेवली आणि फाटक बंद करायला गेला. बस आली, मी चढले. ड्रायव्हरच्या मागची सीट, उजवीकडची खिडकी. समोर बंद फाटक, खिडकीतून गेटमनची कोठी, जी फक्त त्याच सीटवरून दिसते. मागे आपला ट्रॅक्टर येऊन थांबला, ट्रॉलीभर घड, चालवायला झुलाल. आदल्या दिवशी स्टेशनात पोचायला उशीर झाला म्हणून वॅगन निघून गेली होती आणि माल परत आला होता. तू राजदूत मोटरसायकलवरून पुढे आलास, गाडी लावलीस आणि कोठीशी गेलास.

रेल्वेच्या चौकशीत मी सांगितलं की ड्रायव्हरच्या आडोशामुळे पुढचं काही दिसलं नाही.

मला सगळं दिसलं. ऐकूही आलं.

'मांगला टेसनथीन गाडी निंघी गयी, भाऊ. पाच मिनिट थांबा,' धनसिंग म्हणाला.

'तुह्या पाच मिनिटात माहा माल परत येईन,' तू म्हणालास.

तो फाटकाचं हँडल सोडेना. तू त्याला खांद्यानं ढकललंस आणि हँडल स्वतः फिरवलंस. तो तुझा दंड धरून ओढत होता. फाटक वर गेलं. आमच्या ड्रायव्हरनं बस हलवली नाही. त्यानं मान बाहेर काढून रुळांकडे कान दिला आणि गिअरवरचा हात काढून घेतला. पण झुलालला मागून फक्त उघडलेलं फाटक दिसत होतं, आणि तू. तू पांढरा रुमाल हलवून त्याला 'ये, ये' करत होतास. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, प्रमिलाबाईंनाही नाही. मालकानं बोलावलं म्हणून झुलाल बसला वळसा घालून पुढे गेला.

धनसिंग झेंडी घेऊन रुळावरून गाडीच्या दिशेनं धावला. पोचला नाही. ट्रॅक्टर रुळावर असतानाच गाडी आली. ट्रॉली अलीकडेच उलटली आणि रस्ताभर केळी पसरली. झुलालचा एक पाय चपलेसकट आमच्या बसच्या पुढच्या चाकाशी होता. मी पोरींना रोज म्हणते, डोळे उघडे ठेवून लिहा. त्या दिवशी मला ते मिटायला हवे होते.

मग तू मान वळवलीस आणि खिडकीत मी तुला दिसले. त्या एका क्षणापासून तुला ठाऊक होतं की मी पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

चौथ्या दिवशी दुपारी तू मला मळ्यात विहिरीजवळ नेलंस. एवढा मोठा बाप्या माणूस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. 'अक्का, तू काही बोलू नको. मी सोता सांगीन. माह्या तोंडून जाऊ दे. तू सांगशीन तं लोक म्हनतीन, बहिणीनं भावाले धरून देलं.' दुसऱ्या दिवशी चौकशीत माझं बोलावणं सकाळी होतं, तुझं दुपारी. सकाळी मी फक्त 'दिसलं नाही' म्हणायचं. दुपारी तू खरं सांगणार. मला ते पटलं. चूक केलेल्या माणसानं ती स्वतःच्या तोंडानं कबूल करावी, यात शोभा आहे असं मला वाटलं. मला तुझा अभिमानसुद्धा वाटला, हे लिहिताना आता लाज वाटते.

चौकशीचे साहेब सभ्य होते. फाटक कुणी उघडलं, ते विचारलं. मी म्हणाले, दिसलं नाही. जन्मात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलले, आणि इतकं सहज जमलं की मलाच भीती वाटली. मग त्यांनी विचारलं, 'कोठीत केळीची फणी सापडली. ती कुणाची?'

'आमची,' मी म्हणाले. 'मीच दिली.'

'नेहमी देता?'

'हो. कापणीच्या दिवशी.'

'कशासाठी?'

'रीत आहे,' मी म्हणाले. आबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर साहेब म्हणाले, एवढं पुरे. कारकुनानं लिहून घेतलं. मी सही केली आणि शाळेत गेले. दुपारभर मी घड्याळाकडे पाहत होते. आता जीवराम आत गेला असेल, आता सांगत असेल, आता सुटला असेल मनातून. संध्याकाळी घरी आले तर तू म्हणालास, 'झालं.' मी तुझ्यासाठी पुरणाचे मांडे केले. मी कशाचा सण केला, ते तू पानावर बसून पाहत होतास आणि जेवत होतास. चार मांडे खाल्लेस.

तू आत काय सांगितलंस, ते मला मंजुळाबाईनं सांगितलं. धनसिंगची बायको. दोन दिवसांनी ती शाळेत आली, मधल्या सुट्टीत, कडुलिंबाखाली उभी राहिली. मी तिला खुर्ची देत होते, ती बसेना.

तू सांगितलंस की धनसिंगला फणी दिल्याशिवाय तो फाटक वेळेवर उघडत नाही. त्या दिवशीही फणी पोचली म्हणून त्यानं गाडी यायच्या आत फाटक उघडलं. झुलाल घाईचा माणूस, त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. आणि वर म्हणालास, 'माझ्या बहिणीला विचारा. ती खोटं बोलत नाही.'

मंजुळाबाई मला एवढंच म्हणाली, 'बाई, तुम्ही केळी दिन्यात त्या मायाथीन दिन्यात ना? मंग त्यासले लाच काबर म्हनतस? मन्हा मालकनी कधी मांगं नही.'

घंटा झाली, मी वर्गात गेले आणि सातवी ब ला संपूर्ण तास शुद्धलेखन घातलं. त्याच संध्याकाळी मी तुला परीक्षांचं कारण सांगितलं आणि इथे राहायला आले. परीक्षा दोन आठवड्यांनी होत्या. तू एकदाही विचारलं नाहीस.

मला राग आला आहे, जीवराम. तू हँडल फिरवलंस याचा नाही. ती उतावीळपणाची चूक होती, माणसाच्या हातून होते. झुलालच्या जिवाचं ओझं तुझ्यावर आहे आणि ते मी तुझ्याबरोबर उचललं असतं. राग याचा आहे की तू विहिरीजवळ रडत होतास तेव्हाच तुझा हिशेब झालेला होता. माझं खोटं तुला हवं होतं, आणि माझं खरंही तुला हवं होतं. फाटकाविषयी मी गप्प राहीन आणि केळीविषयी खरं बोलेन, दोन्ही तुला नेमकं ठाऊक होतं. तुला मी वाढवलं, तेव्हा ठाऊक असणारच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते खोटं नाही. आबांनी उपकाराची आठवण म्हणून दिलेली फणी तू लाच करून टाकलीस, ती माझ्या पिशवीतून नेऊन. आणि आता विचारतोस, नव्याला पाठवू का.

त्या रडण्यातलं खरं किती होतं, हे मी रोज स्वतःला विचारते. थोडं तरी असेल. मला तसं धरून चालायचं आहे.

धनसिंग निलंबित आहे. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला भरतील असं म्हणतात. रेल्वेचं घर रिकामं करायला लावलं, मंजुळाबाई माहेरी राहते आहे. झुलालची भिकुबाई धनसिंगच्या नावानं बोटं मोडते. नवऱ्याला कुणी मारलं, हेही तिला खरं कळू दिलं नाही आपण. आपण, कारण त्यात मी आहे.

तेव्हा आता नीट वाच. सोमवारी, तेरा तारखेला, भुसावळला चौकशीची शेवटची सुनावणी आहे. अकरा वाजता. मंजुळाबाईबरोबर मी जाणार आहे. माझा पहिला जबाब खोटा होता, हे मी सांगणारच. शपथ मी मोडली, ती मीच निस्तरली पाहिजे. नोकरी राहील की जाईल, ते हेडबाईंना अजून विचारलेलं नाही.

तू ये. माझ्या आधी आत जा. हँडल मी फिरवलं आणि झुलालला मी बोलावलं, एवढी दोन वाक्यं बोल. दोनच. मग पोलीस, वकील, जामीन, जे येईल त्यात मी तुझ्याशेजारी उभी राहीन. तुरुंगात डबा आणावा लागला तरी आणेन, आणि लोक काय म्हणतील ते ऐकून घेईन.

तू आला नाहीस, तर ती दोन वाक्यं मी बोलेन. रुमालासकट.

हे पत्र सुनंदाला वाचायला दे. तिला बाहेरून कळू नये.

सोमवारी अकरा वाजेपर्यंत तुझीच,
अक्का