वापरकर्ता: आकांक्षा

सोमवार, ३ नोव्हेंबर
तारकर्ली

पोचले एकदाची. पहाटे पुण्याहून निघाले, कणकवलीला उतरले, तिथून मालवणची एसटी आणि शेवटी रिक्षा. रिक्षावाल्यानं वाटेत विचारलं, डायव्हिंगला आलात का? नाही म्हटलं, कॉम्प्युटर तपासायला आलेय. त्या बिचाऱ्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

घर मस्त आहे. पुढे समुद्र, मागे कर्ली नदी, मधल्या माडांत हरिश्चंद्रकाका आणि यशोदाकाकी दोघंच राहतात. पडवीच्या टोकाची खोली माझी. दोन आठवडे इथे राहून मला 'गलबत' तपासायचं आहे. गलबत म्हणजे आमच्या कंपनीनं बांधलेली लिनक्सची नवी आवृत्ती, तळहातावर मावेल एवढ्या यंत्रावर चालणारी. होडीवाल्यांना त्यावर वारा, भरती-ओहोटी, भाव, सगळं मालवणीतून दिसेल. ऑफिसच्या एसीत ती झकास चालते. खाऱ्या हवेत, घामट बोटांनी, वीज जात-येत असताना चालते का, ते बघून चुका नोंदवायच्या. चुका काढणं मला जमतं. विश्वेश म्हणतो, घरीही तू तेच करतेस.

खरं म्हणजे इथे आकांक्षा यायची होती, माझ्याच टीममधली. खोली तिनंच फोनवरून ठरवली होती, यंत्रही तिच्याच नावानं तयार झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी जागा बघायला येत असताना तळेऱ्याच्या अलीकडच्या वळणावर तिची गाडी उलटली. जागच्या जागी गेली. ऑफिसनं दोन मिनिटं शांतता पाळली आणि काम माझ्याकडे दिलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण दातवाल्याच्या इंजेक्शननंतर दुखतं तसं, लांबून.

इथे हे कुणीच कळवलेलं नाही. काकी दारातच म्हणाल्या, "इलंस गो आकांक्षा? ये, घराक ये," आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. उंबऱ्यावर उभं राहून मेल्याची बातमी कशी द्यायची? म्हटलं, चहा झाला की सांगू. चहा होतोय तोवर काका नारळ घेऊन अंगणातल्या दगडापुढे उभे. नवीन माणूस राहायला आलं की जागेच्या राखणदाराला त्याचं नाव सांगावं लागतं म्हणे. शेजारच्या दोघी बायकाही आल्या. काकांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही आकांक्षा तुझ्या जाग्यात रवाक इली हा. हिका आपली म्हण. हिची जागा हिका सांभाळून दी. हिच्या आड कोण येयत तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं, चांगलं खणखणीत. इतक्या उत्साहावर पाणी कोण ओतणार? उद्या सांगेन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सांगायचं राहिलं. काकींनी घावणे केले होते, तोंड भरलेलं होतं.

काम सुरू. यंत्र उघडलं की पडद्यावर येतं, 'नमस्कार, आकांक्षा'. नवं खातं उघडायचं तर सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला? खातं तिचंच ठेवलं. कुलपाला तिच्या बोटाचा ठसा लावलेला आहे, तोही राहू दिला. मी पासवर्डनं उघडते.

आज स्पर्शाची चाचणी. कोरड्या बोटानं शंभर टिचक्या, शंभर नोंदल्या. घामट बोटानं सत्त्याण्णव. वीज दोनदा गेली, गलबत डगमगलं नाही. एकंदर खूश आहे.

दुपारी लेकीचा, समूचा फोन. तिचा पुढचा दात पडला, तो तिनं काडेपेटीत जपून ठेवलाय. मी आल्याशिवाय उघडणार नाही म्हणते. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला इतके दिवस सोडून आलेय. विश्वेश तिला घेऊन पंधरा तारखेला, शनिवारी येणार आहे. तोवर काम उरकायचं आणि दोन दिवस तिच्याबरोबर वाळूत बसायचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्पर्शात गडबड. काल ऐंशी, आज एकसष्ट. बोट कोरडं, पडदा स्वच्छ. काकींना टिचक्या मारायला लावलं. पीठ लागलेल्या बोटानं शंभरात शंभर! त्या हसून म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा माकाच बरा येता." मग मी मारल्या. अठ्ठावन्न.

चूक नोंदवली: पडदा काही बोटं ओळखत नाही. गंभीरता मध्यम.

बोटांची टोकं जरा बधिर वाटतात. खाऱ्या हवेनं होत असेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तीनच्या सुमाराला काकींबरोबर रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढताना बघायला गेले. अख्खं गाव दोरीला लागलेलं. मीही हात लावला. परत आले ते पायाला वाळू, अंगाला मासळीचा वास घेऊन. काका मालवणात बाजाराला गेले होते, घराला कुलूप होतं, यंत्र माझ्या खोलीत टेबलावर.

गलबत प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. आज दुपारची नोंद अशी: तीन वाजून दहा मिनिटांनी कुलूप उघडलं. बोटाच्या ठशानं. मग शंभर टिचक्या. शंभर नोंदल्या. तीन पंचावन्नला यंत्र व्यवस्थित बंद.

तीनदा वाचलं. त्या ठशाचं बोट तळेऱ्याच्या अलीकडे गेलं, आणि पुढे चितेवर जळालं. टीमच्या वतीनं मीच गेले होते स्मशानात.

चूक नोंदवली: ठसा-वाचक आपोआप उघडतो. भीती वाटायला हवी होती. मी नुसतीच बसून राहिले, मग जेवायला गेले. काकींनी माझं ताट मांडलं नव्हतं. विसरल्या म्हणाल्या, खूप ओशाळल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

स्पर्श: शून्य. शंभर टिचक्या मारल्या, पडदा ढिम्म. बटणं दाबून काम चालवलं. कॅमेऱ्याची चाचणी म्हणून स्वतःचा फोटो काढला. फोटोत खिडकी आहे, खिडकीतला माड आहे, दोरीवरचा माझा टॉवेल आहे. मी नाही. पाच काढले. पाचही फोटो सुरेख आले आहेत.

मग गेले काकांकडे आणि सगळं सांगून टाकलं. मी आकांक्षा नाही, मी गौरजा. आकांक्षा मेली. काका सुपारी कातरत होते, अडकित्ता तसाच धरून राहिले. "माका आदी कित्याक सांगूक नाय गो?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, दारात आल्या आल्या मरणाचं कसं बोलायचं. त्यावर ते रागावले नाहीत, कारण त्यांनीही तेच केलं असतं. पण त्यांचा चेहरा उतरला. राखणदाराला नाव सांगितलं की तो त्याच माणसाला धरून राहतो म्हणाले, आणि ते माणूस जागेवर नसलं तर शोधून आणतो. वर आपणच सांगून बसलो की तिच्या आड येईल त्याला बाजूला कर. उद्या सकाळी नवा नारळ घेऊन माझं खरं नाव सांगतो म्हणाले.

बोलताना ते माझ्याकडे बघत होते, पण मधूनच नजर घसरायची. प्रत्येक वेळी मला हाक मारून ती परत आणावी लागली.

रविवार, ९ नोव्हेंबर

काका आंघोळ करून नारळ घेऊन दगडापुढे उभे राहिले. मी शेजारी. डोळे मिटले, "बा देवा म्हाराजा," म्हणाले आणि थांबले. मी कानाशी माझं नाव घेतलं. ओरडून घेतलं. त्यांनी डोळे उघडले, हातातल्या नारळाकडे बघितलं, अंगणभर बघितलं, आणि काकींना विचारलं, मी हंय कित्याक इलंय गो?

काकींना काय ठाऊक. त्यांनी नारळ आत नेला. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. ताटं तीन मांडली. तिसरं माझं नव्हतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काकी पडवीतून हाक मारतात, "आकांक्षा, चाय पी गो." माझ्या खोलीतून उत्तर जातं. मी खोलीत नव्हते, पायरीवर बसले होते.

फोनचा पडदा माझ्या बोटानं हलत नाही. उजळला की वाचता तेवढं येतं. विश्वेशचा निरोप आला: 'आकांक्षा, शनिवारी बारापर्यंत पोचतो. समू काडेपेटी घेऊन येतेय.'

आकांक्षा लिहिलंय त्यानं. माझ्या नवऱ्यानं. दहा वर्षांचा संसार, आणि एक अक्षरही अडखळलं नाही.

पेन्सिल मात्र चालते. कागद अजून माझं ऐकतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तिठ्यावर एसटीला हात केला. थांबली नाही. मालवणपर्यंत चालत गेले. स्टँडवर उभी राहिले, लोक माझ्यामधून नाही, बाजूनं जातात. वाटेत दगड असावा तसे वळतात. का वळलो हे त्यांनाच कळत नाही. पुण्याची गाडी लागली होती. चढता आलं असतं.

परत फिरले. पुण्याचं घर गाठून काय करू? समू इथे येणार आहे. ती बाई इथे आहे.

पाय दुखायला हवे होते. दुखले नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज दिसली. टेबलापाशी, माझा निळा कुर्ता घालून. टिचक्या मारत होती. मोजत होती. शंभर. कपाळावर जखमेचा व्रण आहे, केस पुढे ओढून झाकते.

ती वाईट नाही. ऑफिसातही वाईट नव्हती. तिला बोलावलं म्हणून ती आली. बोलावणाऱ्यांत मीही होते, खणखणीत —

उद्या समू. उद्या काका पाहुण्यांची नावं सांगणार, काकींनी नारळ सोलून ठेवलाय. ही आकांक्षा, हिचा नवरा विश्वेश, हिची मुलगी समीक्षा. सगळे व्हय म्हणणार. मग समू तिची.

विश्वेशला थांबवायला हवं. कसं. फोन तिच्याकडे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अकरा. कुंपणाशी बसलेय. वही मांडीवर. लिहीत राहिले तर मी आहे, असं वाटतं.

पावणेबारा. गाडी आली.

विश्वेश उतरला. माझ्या बाजूनं गेला. ती पायरीवर आली, त्यानं तिच्या हातात पिशवी दिली. हसला. मला काही वाटलं नाही. काहीच —

समू गाडीतच. उतरत नाही. विश्वेश म्हणतो उतर, आई बघ. ती म्हणते ही आई नाही. तो रागावला. वेडेपणा करू नकोस म्हणाला.

उतरली. पायरीकडे नाही. इकडे बघतेय. कुंपणाकडे —

माझ्याकडे.

तिला दिसतेय मी. विश्वेशनं त्या बाईला आपली मानलं, समूनं अजून व्हय म्हटलं नाही म्हणून. अजून कुणाची नाही ती.

धावत आली. कुशीत. काडेपेटी दाखवली. दात एवढासा. माझा डावा हात धरलाय तिनं, घट्ट, तिचा हात गरम आहे — गरम आहे हे कळतंय मला. दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळतंय. खूप दुखतंय.

विश्वेश अंगणात उभा. समू, समू. इकडे बघतो, नजर घसरते. आत्ता तर इथे होती म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणाला. आता आवाज बारीक — विसरतोय. तिलाही —

माझा हात धरला की ती पण पुसली जाते.

काका नारळ घेऊन दगडापाशी. हाक मारतायत. "चेडवा, खंय गेलंस? ये गो, नाव सांग तुझा."

गेली तर जगेल. शाळा, वाढदिवस, सगळं. आकांक्षाची म्हणून. मला विसरेल. एका "व्हय"मध्ये.

तिला सांगतेय जा. ती नाही म्हणते. मान हलवते. दोन्ही हातांनी धरलंय आता.

विश्वेश गाडीचं दार लावतोय. कोणाला शोधत होतो ते — चेहरा शांत —

सोडायला हवा हात. बोटं उघडत नाहीत. माझीच. माझीच बोटं घट्ट —

समू, जा. सोडते. सोडतेय. एक, दोन —